आधी आदेश, मग तारा: ठाण्यातल्या वर्दीच्या दुकानाचा अनुभव

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ह्यांच्या पदोन्नतीचा आदेश निघाला. पोलीस हवालदाराचे सहायक पोलीस उपनिरीक्षक झाले. खात्यात या पदाला अजूनही सहायक फौजदार म्हणतात आणि कागदोपत्री ‘सफौ’ लिहितात. 1995 ला हे शिपाई म्हणून भरती झाले तेव्हा नवी मुंबई आयुक्तालय जेमतेम एक वर्षाचं होतं. तीस वर्षांनी खांद्यावर पहिला तारा येणार होता. पण आदेश हातात पडला त्याच संध्याकाळी बंदोबस्त लागला, साप्ताहिक सुट्ट्याही बंद झाल्या. नव्या पदावर हजर व्हायचं तर गणवेश त्या पदाचा हवा, आणि ह्यांना दुकानाची पायरी चढायलाही वेळ नाही. म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. मी ऐरोलीत प्राथमिक शाळेत शिकवते आणि शनिवारी आमची शाळा सकाळची असते.

ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणं म्हणजे मध्ये एक दिघा गाव स्टेशन, की आलंच. पश्चिमेला उतरून बाजारपेठेतून जांभळी नाक्याकडे चालत जायचं. दुकानाला नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. नाक्यावर फुलवालीला विचारलंत तरी ती ‘वर्दीवाले काका ना?’ म्हणून बोट दाखवते. जिन्याखालची अरुंद जागा आहे. पुढे काचेचा काउंटर, मागे दोन शिलाई मशीन, आणि डाव्या भिंतीला छतापर्यंत लाकडी कपाट. काष्ठौषधीच्या दुकानात असतात तसे त्याला लहान लहान खण आहेत. प्रत्येक खणावर काकांच्या हातची चिठ्ठी, हवालदारापासून सहायक आयुक्तापर्यंतच्या पदांची: पोहवा, सफौ, पोउपनि, सपोनि, पोनि, एसीपी. पोलीस ठाण्यात नावामागे जे लिहितात तेच शब्द इथे खणांवर आहेत. मी लग्नानंतर हे शब्द एकेक करून शिकले. त्या दिवशी ते सगळे एका भिंतीवर एकत्र पाहिले.

हे दुकान मला आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी सांगितलं. त्याआधी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून सगळं घ्यायचो. 2014 ला हे नाईकचे (शिपाई आणि हवालदार यांच्यामधलं तेव्हाचं पद) हवालदार झाले तेव्हा तिथल्या शिंप्याने बाह्यांवर हवालदाराच्या तीन फिती शिवून दिल्या. एका शर्टावर फितींची टोकं सरळ खाली होती आणि दुसऱ्यावर बोटभर मागे सरकलेली. मला घरी ते दिसलं नाही, परेडमध्ये साहेबांना दिसलं. ह्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. घरी येऊन हे काही बोलले नाहीत, शर्ट तेवढा माझ्यापुढे ठेवला. त्या रात्री मी स्वतः टाके उसवून फिती पुन्हा शिवल्या. तेव्हापासून अशा कामात मी फार चिकित्सक झाले आहे, त्यामुळे या दुकानाबद्दल लिहितानाही तशीच लिहिणार.

पहिल्या खेपेला काकांनी मला परत पाठवलं.

मी मोबाइलमध्ये आदेशाचा फोटो नेला होता. काकांनी चष्मा लावून तो वाचला, अनुक्रमांक, नाव, बक्कल नंबर (पोलिसाचा खात्यातला क्रमांक), सगळं बघितलं. मग विचारलं, “वहिनी, साहेबांचं ओळखपत्र?” ते ह्यांच्या खिशात आणि हे बंदोबस्तावर. काका म्हणाले, “कापड आज बघा, माप देऊन जा. तारा आणि रिबन मात्र ओळखपत्र बघितल्याशिवाय मी कुणाच्या हातात देत नाही. आदेशाची छापील प्रतही लागेल, मी फाइलला लावतो.” मी म्हटलं, “अहो, मी शिक्षिका आहे, खोटं कशाला बोलेन?” ते म्हणाले, “तुम्ही खोटं बोलताय असं नाही. पण नियम केला की तो सगळ्यांना.” मला राग आला. शनिवारची दुपार गेली, गर्दीत जाऊन-येऊन दीड तास गेला, आणि ज्यासाठी आले ती वस्तू समोरच्या खणात असून मिळत नव्हती.

माप लिहून घेतलं जात होतं तोवर स्टुलावर बसून पाणी पीत होते. तेवढ्यात एक गृहस्थ आले. कुठल्याशा सोसायट्यांना रखवालदार पुरवण्याचा त्यांचा धंदा. बारा शर्ट हवे होते, रंग निळा, तिथपर्यंत सगळं ठीक. मग म्हणाले, सुपरवायझरच्या खांद्यावर तीन स्टार आणि खाली ती लाल-निळी रिबन टाका, लोक घाबरतात. काकांनी वही मिटली. “स्टार नाही मिळणार आणि रिबन तर नाहीच. तुमच्या एजन्सीचा बिल्ला करून देतो, सुपरवायझर असं लिहून देतो.” गृहस्थ म्हणाले, पलीकडे मिळतं. काका म्हणाले, “तिकडून घ्या.” बारा शर्टांची ऑर्डर गेली, आणि त्यांनी आवाजही चढवला नाही.

मग मला सांगत बसले. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्राचा कायदा आहे. रखवालदाराने पोलिसाचा किंवा लष्कराचा गणवेश, किंवा तसा दिसणारा, घालायचा नाही असं त्यात स्पष्ट आहे. आणि लोकसेवक असल्याचं भासवण्यासाठी त्याचा पोशाख किंवा खूण वापरली तर तो गुन्हा, आधी दंडसंहितेत कलम 171, आता भारतीय न्याय संहितेत कलम 205. काकांना कलमं पाठ आहेत. म्हणाले, “रात्री रस्त्यावर एखादी पोरगी अडचणीत असेल तर ती चेहरा बघत नाही, खांदा बघते. त्या खांद्यावर खोटा तारा माझ्या दुकानातून गेलेला नको.” माझा राग तिथेच उतरला. माझी मुलगी रात्रपाळी करून महापे ते ऐरोली येते. मी पुढच्या बुधवारी ओळखपत्र घेऊन परत गेले.

दुसऱ्या खेपेचं जास्त लिहायला हवं, कारण खरं काम तिथे झालं.

आधी रिबनचं सांगते. ती पुष्कळ लोकांना शोभेची वाटते. खरं तर अर्धी ओळख तिच्यात असते. सहायक उपनिरीक्षकाला एक तारा, उपनिरीक्षकाला म्हणजे फौजदाराला दोन, निरीक्षकाला तीन, आणि या तिघांच्याही शोल्डरवर, म्हणजे खांद्यावरच्या पट्टीवर, बाहीच्या टोकाला लाल-निळी रिबन. आपल्या महाराष्ट्रात उपनिरीक्षक आणि निरीक्षक यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे, सहायक पोलीस निरीक्षक, ज्याला सगळे एपीआय म्हणतात. त्यालाही तारे तीनच, पण रिबन नुसती लाल. त्याच्यावर सहायक पोलीस आयुक्त, म्हणजे एसीपी. त्यालाही तीन तारे, पण रिबन अजिबात नाही. म्हणजे तीन तारे तिघांकडे आहेत आणि कोण कोण ते ठरतं बोटभर रुंद कापडावरून. शिंप्याने एपीआयच्या शर्टाला चुकून लाल-निळी लावली तर त्याने माणसाला न मिळालेली बढती दिली. लावायची विसरला तर थेट एसीपी करून टाकला. काकांचे मास्टर म्हणूनच रिबन शिवण्याआधी खणावरची चिठ्ठी मोठ्याने वाचतात. “सफौ, एक, लाल-निळी.” काका काउंटरवरून “बरोबर” म्हणतात, मगच मशीनचा पाय दाबतात. मी असेपर्यंत चार शर्टांना हे असंच झालं.

वरिष्ठ पोलीस निरीक्षकांचा खण कुठे, असं मी विचारलं. इतकी वर्षं मला वाटायचं, सीनियर साहेबांच्या खांद्यावर काही वेगळं असणार. काकांनी समजावलं की ते वेगळं पदच नव्हे, ती नेमणूक आहे. पोलीस ठाण्याचा प्रमुख म्हणून बसले म्हणून वरिष्ठ, तारे आणि रिबन निरीक्षकाचीच.

ठाण्यात दुकान असल्यामुळे काकांकडे दोन्हीकडची माणसं येतात. ठाणे शहराला 1981 पासून आयुक्तालय आहे आणि मुरबाड, शहापूर वगैरे भाग ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. शहरात ज्याला सहायक आयुक्त म्हणतात त्यालाच ग्रामीणमध्ये उपअधीक्षक म्हणतात. शहरातला उपायुक्त तो तिकडचा अधीक्षक, खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि तारा. नाव बदलतं, धातू तोच. काका म्हणाले, नवीन मुलं इथे फार गोंधळतात, म्हणून एकाच खणावर त्यांनी दोन चिठ्ठ्या लावल्या आहेत.

मी एक गोष्ट पिशवीत नेली होती. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याही खांद्यावर एकच तारा होता. शिपाई म्हणून लागलेल्या माणसाला तिथेही तो एक तारा दोन दशकं खपल्यावर मिळतो, आणि त्यानंतर त्याला सगळी पलटण ‘साहेब’ म्हणते. आमची आजी त्यांना शेवटपर्यंत जमादार म्हणायची, कारण 1965 पर्यंत त्या पदाचं नाव जमादार होतं आणि तिच्या तोंडात तेच बसलेलं. वडिलांचा तो तारा आईने पानाच्या डब्यात जपून ठेवला होता, तो माझ्याकडे आला. माझ्या मनात होतं की ह्यांच्या एका खांद्यावर तरी तो बसावा. सासऱ्याचा तारा जावयाच्या खांद्यावर.

काकांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला, कापडाने पुसला. “वहिनी, हा नाही लावायचा. पितळ आहे, रंग जुळणार नाही, आकारही थोडा वेगळा. दोन खांद्यांवर दोन तऱ्हेचे तारे झाले तर साहेबांना बोलणी बसतील. आणि तुमच्या वडिलांचा तो लष्करातला मान, तो दुसऱ्या खात्याच्या खांद्यावर कशाला उतरवायचा? त्याची वेगळी चौकट करून देतो.” मी ‘बरं’ म्हटलं. बोलायला दुसरं काही सुचलं नाही. मखमलीवर तारा बसवून काचेची चौकट त्यांनी केली आणि फक्त काचेचे पैसे घेतले. ती आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे.

लष्कराचं त्यांच्याकडे फारसं नसतं. भिंतीवर तिन्ही दलांच्या हुद्द्यांचा तक्ता मात्र आहे आणि एनसीसीची मुलं तो बघायला येतात. मी असतानाच एक कॉलेजची मुलगी कॉर्पोरलच्या फिती न्यायला आली होती. काकांनी तिला तक्त्यापुढे उभं करून विचारलं, कॅप्टन आणि मेजर यांत फरक काय? तिने बरोबर सांगितलं, कॅप्टनला तीन तारे, मेजरला नुसते सिंह. “लेफ्टनंट कर्नल?” सिंह आणि एक तारा. मला तेव्हा लक्षात आलं की आपल्या उपअधीक्षकाचे बिनरिबनचे तीन तारे कॅप्टनसारखे आणि अधीक्षकाचा सिंह-तारा लेफ्टनंट कर्नलसारखा आहे. दोन्हीकडे चिन्हांची बाराखडी एकच. स्वातंत्र्यापूर्वी सिंहांच्या जागी इंग्रजी मुकुट होता, 1950 ला प्रजासत्ताक झाल्यावर तो गेला. तक्त्याचा नौदलाचा भाग नवीन चिकटवलेला आहे. 4 डिसेंबर 2023 ला मालवणला नौदल दिन झाला. नौदलाच्या हुद्द्यांच्या चिन्हांवर शिवछत्रपतींचा वारसा दिसेल असं पंतप्रधानांनी तिथे जाहीर केलं, आणि त्याच महिनाअखेरीस ॲडमिरलांच्या खांद्यावरची नवी चिन्हं आली. त्यात अष्टकोन आहे, तलवार आहे, दुर्बीण आहे. काकांनी जुना तक्ता फेकला नाही, तेवढाच चौकोन बदलला.

इथे शिक्षिका म्हणून मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौथीला शिवचरित्र शिकवताना मी मुलांना पायऱ्या फळ्यावर काढून दाखवते. पायदळात दहा जणांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. किल्ल्यावरही हवालदार असे, किल्ल्याचा कारभार त्याच्या हाती. दरवर्षी एखादं मूल हात वर करून म्हणतं, बाई, आमचे बाबा हवालदार आहेत. त्या शब्दाला साडेतीनशे वर्षांचं वजन आहे आणि तो अजून आपल्या गल्लीत चालतो. ‘साधा हवालदार’ असं कुणी म्हटलं की मला टोचतं. पंचवीस घोडेस्वारांचा नायक साधा नसतो, आणि रात्री दोन वाजता भांडणात मध्ये उभा राहणाराही नसतो. नाईक हा शब्द मात्र आपल्या पोलिसांतून गेला. शिपाई म्हणून लागलेल्या माणसाला निवृत्तीआधी फौजदार होता यावं म्हणून 2022 मध्ये शासनाने पोलीस नाईक हे पदच काढलं, नाईक होते ते हवालदार झाले. आता शिपायाचा सरळ हवालदार होतो. चांगलं झालं, एक पायरी कमी झाली की माणूस वर लवकर पोचतो. काकांच्या कपाटात ‘पोना’ चिठ्ठीचा खण अजून आहे, त्यात आता ते सुया आणि खडू ठेवतात.

जुन्या शर्टांचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे दोन शर्ट चांगले होते, वर्षाचेही झाले नव्हते. माझा हिशोब असा की बाहीवरच्या तीन फिती काढायच्या, शोल्डरला रिबन लावायची, तारा बसवायचा, आणि नवा शर्ट एकच शिवायचा. पोलिसाच्या घरात गणेशोत्सवाच्या महिन्यात पैसे मोजूनच काढावे लागतात. मास्टरांनी माझ्यासमोर एका शर्टाच्या फिती उसवल्या. खाली कापडावर तीन फितींची गडद छाप होती. बाकीचा शर्ट उन्हाने आणि धुण्याने फिका झालेला, आणि फितींखालची खाकी पहिल्या दिवसासारखी. लांबून बघितलं तरी तीन टोकं वाचता येत होती. खांद्यावर तारा आणि बाहीवर हवालदाराची सावली. काका म्हणाले, “हे ड्युटीला नका घालू देऊ. कुणी बोलणार नाही, पण प्रत्येक जण बघेल.” त्यांना आणखी दोन शर्टांचा धंदा मिळणार होता, त्यामुळे मी क्षणभर संशयाने बघितलं. तेव्हा तेच म्हणाले, “दोनच शिवा, तिसरा दिवाळीनंतर. रोज धुवून घालतील.” धंद्यापुरतं बघणारा माणूस असं सांगत नाही.

कापड निवडायला त्यांनी मला तागा घेऊन दाराबाहेर उजेडात नेलं. ट्यूबलाइटखाली सगळ्या खाकी सारख्याच दिसतात. बाहेर एक पिवळट निघाली आणि एक हिरवट. शर्ट आणि पँट एकाच ताग्यातून कापली पाहिजे, नाहीतर चार धुण्यांनंतर दोघांचे रंग वेगळ्या वाटेने जातात. हे मला तीस वर्षं इस्त्री करून कळलं नव्हतं, रंग असा फाटतो तो माझ्या साबणामुळे असं मी समजत होते. टेरीकॉट घेतलं. सुती अंगाला बरं, पण बंदोबस्तात अठरा तास उभं राहिल्यावर सुती शर्टाची इस्त्री उरत नाही, आणि हे इस्त्रीच्या बाबतीत फार हळवे आहेत.

आता जे बरं वाटलं नाही ते. नेमप्लेटवर आमच्या आडनावातला दीर्घ ‘सू’ ऱ्हस्व करून ठेवला होता. मी दाखवला तेव्हा मास्टर म्हणाले, असंच चालतं सगळीकडे. मी म्हटलं, चालत नाही. ताऱ्याचं टोक केसभर हललं तर चालत नाही, मग माणसाच्या नावातली वेलांटी-उकार कसा चालेल? काकांनी लगेच नवी करायला सांगितली, पैसे घेतले नाहीत. पण ती दोन दिवस उशिरा मिळाली, आणि त्यासाठी मला तिसरी खेप पडली. पावतीवरही ‘सहाय्यक’ असं होतं, शासनाच्या कागदांत ‘सहायक’ असतं. चिठ्ठ्या इतक्या काटेकोर लिहिणाऱ्या दुकानात हे व्हायला नको. खाली बसायला एकच स्टूल आहे. माप घेण्यासाठी आडोसा नाही, त्यामुळे महिला पोलिसांना अवघड होतं. एक तरुण फौजदारीण आली होती, नाशिकच्या अकादमीतून नुकतीच बाहेर पडलेली, दोन तारे चमकत होते. तिचं माप काकांच्या सुनेने शेजारच्या जिन्यात उभं राहून घेतलं. सून मापं घेते ही सोय चांगली आहे, पण एक पडदा लावायला काय हरकत आहे? मी हे काकांना तोंडावर सांगितलं आहे. ‘लावतो’ म्हणाले.

त्या मुलीने निघताना माझ्या हातातला एक तारा बघून विचारलं, “काकू, कुणाचा?” सांगितल्यावर तिने वर्षं विचारली. तीस म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “आमच्या ठाण्यात सगळं काम आम्हाला सहायक फौजदारच शिकवतात. पंचनामा कसा लिहायचा ते मला त्यांनीच दाखवलं.” खात्यात शिपायापासून सहायक फौजदारापर्यंत सगळे अंमलदार, अधिकारी तिथून पुढे. म्हणजे तारा आला तरी हे अंमलदारच, आणि अंमलदाराचा बक्कल नंबर ह्यांना राहणारच. मला त्याचं थोडं वाईट वाटत होतं. तिच्या त्या वाक्याने बरं वाटलं.

खर्च लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. दोन शर्ट, दोन पँट, कापड आणि शिलाई धरून 5,600 रुपये. ताऱ्यांची जोडी 90, रिबन शिवण्याचे वेगळे काही नाही. नेमप्लेट 150, टोपी 480, शिट्टीची दोरी 120. चौकटीच्या काचेचे 200. यूपीआय चालतं. तारे दोन प्रतींत मिळतात, रोज पॉलिश मागणारे आणि बिनपॉलिशचे. काका बिनपॉलिशचे घ्या म्हणत होते. मी पॉलिशवाले घेतले. ह्यांना सकाळी चहाच्या आधी बक्कल घासायची सवय आहे, त्यात दोन तारे जास्त.

शिलाईला मी दहापैकी दहा देईन. दोन्ही खांद्यांच्या रिबन मी पट्टीने मोजल्या, अंतर सारखं. कॉलर ताठ, खिशाच्या झडपा सरळ रेषेत. शुद्धलेखनाला सहा.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी विसर्जनाची रात्र काढून हे सकाळी नऊला घरी आले. अंगावर जुनाच, फितींचा शर्ट होता. नवा मी खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला होता. हे आंघोळ न करताच त्याच्यासमोर बसले, ताऱ्याला हात न लावता रिबनवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या खांद्यावरच्या रिबनवरून. “कुणी शिवलं?” विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, “ओळखपत्र मागितलं म्हणजे माणूस बरा आहे.” आणि तिथेच खुर्चीत झोपले.

ज्या शर्टाच्या फिती उसवल्या तो मी कुणाला दिला नाही. फरशी पुसायलाही घेणार नाही. छाप असलेली बाही बाहेर येईल अशी घडी करून वरच्या कप्प्यात ठेवला आहे.

जाणार असाल तर आदेशाची छापील प्रत आणि ओळखपत्र दोन्ही न्या, फोटो चालत नाही. दुपारी दोन ते चार मास्टर जेवायला जातात, रविवारी बंद. नाव घालायचं असेल तर ते स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्या.